पाणी कोण चढवतं

विहिरीत पाणी होतं, हीच त्या साली गेनबाची अडचण होती. बहात्तरच्या दुष्काळात चिखलीच्या शिवारातल्या ज्या विहिरी तळाला गेल्या, त्यांच्या मालकांचं एका परीनं बरं झालं. कोरड्या विहिरीवरून भांडता येत नाही. ते लोक सरकारी कामावर खडी फोडायला गेले आणि तिथं सावलीच्या जागेवरून भांडू लागले. गेनबाच्या विहिरीत मात्र वाकून पाहिलं की पाणी दिसायचं. काळं, निवांत, आभाळाचा तुकडा धरून बसलेलं. ते वर तेवढं येत नव्हतं.

दुपारची भाकरी खाऊन गेनबा विहिरीवर यायचा. मोटार काठावरच, पत्र्याच्या टपरीत बसवलेली होती. आधी पंपाच्या नरड्यात घागरभर पाणी ओतायचं, कारण कोरडा पंप पाणी उचलत नाही. मग हिरवं बटण दाबायचं. मोटार घुमायला लागायची. तिकडं कांद्याच्या वाफ्यात त्याची बायको ठकुबाई फावडं घेऊन, लुगडं खोचून उभी असायची. पाणी आलं की एका वाफ्याचं तोंड मोडायचं, दुसऱ्याचं बांधायचं, हे तिचं काम. पाइप दोनदा खोकायचा, पाजलेलं पाणी तेवढं ओकायचा आणि नुसता वारा फुंकत बसायचा. ठकुबाई थोडा वेळ तशीच उभी राहायची. मग फावडं खांद्यावर टाकून सावलीला यायची आणि काही बोलायची नाही. हे न बोलणं गेनबाला मोटारीच्या आवाजापेक्षा जास्त ऐकू यायचं.

विहीर दोघा भावांची. थोरला कोंडीराम पिंपरीला कंपनीत होता. त्याची कायम दुसरी शिफ्ट. दुपारच्या आत डबा घेऊन तो सडकेला कंपनीची बस गाठायचा. म्हणून पाळ्या ठरलेल्या: सकाळ कोंडीरामची, दुपार गेनबाची. मोटार एकच, पाइपही एकच, आणि सकाळी कोंडीरामचे वाफे काठोकाठ भरायचे. यावरून कुणीही शहाणा माणूस जे अनुमान काढील तेच गेनबानं काढलं. दादा जाताना काहीतरी करून जातो. कोंडीराम दिवसभर यंत्रांतच असायचा, खिशात पाना घेऊन घरी यायचा. करायचंच म्हटलं तर त्याला काय अवघड होतं?

गेनबानं हे चार लोकांना सांगितलं. चार लोकांना ते ताबडतोब पटलं, कारण भावानं भावाचं पाणी तोडणं ही समजायला सोपी गोष्ट आहे. आणि एका रविवारी खंडोबाच्या देवळात गेनबानं थोरल्या भावाला बेलभंडार उचलायला लावला.

कोंडीराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यानं पायताण बाहेर काढलं, बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला, आणि मोटारीला, पाइपाला, खालच्या झडपेला आपण हात लावला असला तर देवानं आपलं तोंड वाकडं करावं, असं साऱ्यांसमोर बोलला. बोलून झाल्यावर हात कुठं पुसावा हे त्याला कळेना. भंडारा तसाच मुठीत धरून तो घरी गेला. ज्या भावाला लहानपणी त्यानं पाठीवर घेऊन याच विहिरीत पोहायला शिकवलं होतं, त्याच्याशी तो त्या दिवसापासून बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आलं. दुपारी आलं नाही. म्हणजे दादानं शपथही खोटी घेतली, असं गेनबा म्हणाला.

मग रहाट सुरू झाला. जुना लाकडी रहाट विहिरीवर तसाच पडून होता. गेनबा पोहऱ्यानं पाणी शेंदायचा, ठकुबाई दोन घागरी घेऊन वाफ्यापर्यंत जायची, आणि ती परत येईपर्यंत कस्तुरा, त्यांची पोरगी, दोर धरायची. वाफ्याला घागरभर पाणी म्हणजे तापलेल्या तव्यावर मारलेला शिपका. कांद्याची पात शेंड्याकडून पिवळी पडत चालली होती. संध्याकाळी ठकुबाईला कंबर सरळ करता यायची नाही. ती चुलीपुढं बसायची ती वाकलेलीच उठायची. चाकणच्या बाजारात कांदा गेला तर घर चालणार होतं. नाही गेला तर गेनबाही खडी फोडायला जाणार होता, आणि कस्तुरा शाळेऐवजी त्याच्या मागनं पाटी उचलणार होती. हे घरात कुणी बोलून दाखवलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

कस्तुरा नववीत होती. शाळा तीन खोल्यांची, वर पत्रे. शास्त्राच्या तासाला तिला झोप लागली. ज्ञानदेव मास्तरांनी तिला हाक मारली नाही. तिच्या बाकावर पडलेल्या हातांकडं पाहिलं. दोरानं फोड येऊन फुटलेले. जागी झाल्यावर काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं, बेलभंडारासकट. तिनं सोडलेलं बाकीच्यांनी सांगितलं, कारण अर्धा वर्ग देवळात हजर होता.

ज्ञानदेव भालेराव पिंपरीहून सायकलवर यायचा. बाप कंपनीत यार्डात होता. वस्तीतल्या बुद्धविहारात पोराच्या बी. एस्सी.चे पेढे वाटले होते. वातावरणाचा दाब हा धडा त्यानं दिवाळीआधीच शिकवून संपवला होता. व्याख्या साऱ्या वर्गाला पाठ होती. कस्तुराला पाऱ्याच्या स्तंभाची उंचीसुद्धा पाठ होती आणि तिला चाचणीत पैकीच्या पैकी होते. त्याच कस्तुराला आता त्यानं विचारलं, पंप पाणी वर कसा आणतो.

"ओढतो की गुर्जी," ती म्हणाली. "मोटार ओढती."

हे ती इतकं सहज म्हणाली, की ज्ञानदेवला ते पैकीच्या पैकी आपण कुणाला दिले होते ते कळेना. धडा वहीत राहिला होता आणि विहीर विहिरीत. त्याला पुन्हा सांगता आलं असतं. पण एकदा सांगून काय झालं ते समोर बसलं होतं.

त्यानं फळा पुसला आणि वर लिहिलं: गेनबाच्या पाळीला पाणी का येत नाही? मग खडू हातात धरून उभा राहिला. पोरं आधी घाबरली, कारण मास्तर विचारतात त्याचं उत्तर मास्तरांकडं असतं अशी त्यांची समजूत होती. मग सुटली. मोटार दुपारपर्यंत दमते. पाइपाला भोक आहे. कोंडीरामनं झडपेत काहीतरी अडकवलंय. दुपारी विहिरीत साती आसरा पोहतात, त्या पाणी धरून ठेवतात. खंडू म्हणून तालमीत जाणारं पोरगं होतं, त्यानं सांगितलं की तीनच घोड्यांची मोटार आहे, पाच घोड्यांची लावली की ओढंल. हे सगळ्यांना पटलं. ज्ञानदेवनं एकही उत्तर न खोडता सगळी लिहिली, आसरांसकट, आणि विचारलं की यातलं खोटं काय आहे हे कसं शोधायचं.

पुढचे काही दिवस त्या विहिरीवर पोरांची जी वर्दळ झाली तशी मोटार आली त्या दिवशीही झाली नव्हती. मोटार दमते म्हणून दुपारी तिच्यावर ओलं पोतं घालून तिला गार केलं. ती गारठली, पाणी आलं नाही. भोक असतं तर सकाळीही हवा गेली असती, असं कस्तुरानंच सांगितलं, तेव्हा भोक खोडलं. दोन पोरांनी बुडी मारून झडप तपासली. जाळीत एक बेडूक होता. त्यानं आपण होऊन जागा सोडली. तरी पाणी आलं नाही. आसरा खोडायला कुणी तयार होईना. त्या राहिल्या.

मग कस्तुरानं दोराला हातहातावर गाठी मारल्या आणि सकाळ-दुपार पाणी किती खोल आहे ते बघायला लागली. सकाळी, रात्रभराचा झरा साठून, पाणी वर असायचं. कोंडीरामची पाळी संपेपर्यंत ते खाली उतरायचं. एक गाठ अशी होती, की पाणी तिच्या वर असलं की मोटार उचलायची, आणि तिच्या खाली गेलं की वारा फुंकायची. मग मोटार चालवणारा कोणी का असेना. एका गुरुवारी कंपनीला सुट्टी म्हणून कोंडीरामनं पाळी दुपारपर्यंत लांबवली, तेव्हा त्याचाही पाइप शेवटी खोकला. त्यानं मोटार बंद केली आणि आपलं रान भिजलं म्हणून घरी गेला. कस्तुरानं ते बांधावरून पाहिलं. कुणाला सांगितलं नाही.

ज्ञानदेवनं भोसरीच्या एका कारखान्यातल्या मित्राकडून जाड प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीचं भेंडोळं आणलं आणि वर्ग घेऊन मळ्यात आला. तो विहिरीच्या ओट्याकडं निघाला तशी ठकुबाई पुढं झाली. तिनं पदर सावरला. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती.

"गुर्जी, तुमी हितं बाभळीखाली बसा," ती म्हणाली. "तितं ऊन लागतंय."

पौषातलं ऊन होतं, ज्यात माणसं मुद्दाम पाठ शेकत बसतात. असं ऊन कुणाला कुठं लागतं, हे ज्ञानदेवला लहानपणापासून माहीत होतं. तो बाभळीखाली बसला. पोरांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही, म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

त्यामुळं पुढचं सगळं पोरांनाच करावं लागलं. ज्ञानदेव झाडाखालून विचारायचा, कुणीतरी पळत जाऊन बघून यायचं, सांगायचं, आणि तो पुन्हा विचारायचा, तुला काय वाटतं? असं का? पुढं तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा लिहिला, की शिक्षक स्वतः दूर राहून विद्यार्थ्यांना शोध घेऊ देतात ही पद्धत अत्यंत आधुनिक आहे, इतर शाळांनी तिचं अनुकरण करावं. आधुनिकतेचं कारण साहेबांनी विचारलं नाही.

नळी हौदात बुडवून पाण्यानं पूर्ण भरली. पाणी दिसावं म्हणून त्यात कुंकू कालवलं होतं. दोन्ही टोकांना बुचं ठोकली. एक पोरगं कपारीच्या दगडांवरून पाय देत विहिरीत उतरलं, त्यानं खालचं टोक पाण्यात धरून तिथलं बूच काढलं. वरचं टोक खंडूच्या हातात. आता तो ते वर ओढत नेणार होता. नळीतलं पाणी वर येईल की खाली पडेल? निम्मी पोरं म्हणाली पडेल. निम्मी म्हणाली, बूच घट्ट आहे, पाणी जाईल कुठं, नळी वर नेऊ तेवढं वर येईल.

पाणी पडलं नाही. खंडू ओढत गेला आणि लाल रेघ काठापर्यंत चढत आली. दुसऱ्या निम्म्यांनी पहिल्यांना चिडवायला सुरुवात केली. खंडू रहाटाच्या खांबावर चढला आणि हात आणखी वर केला. तेव्हा लाल रेघ थांबली. नळी वर गेली, पाणी तिथंच राहिलं. बुचाखाली मोकळी जागा पडली. खंडूनं टाचा उंचावल्या. मोकळी जागा वाढली. दोघांनी त्याला खालून उचललं. मोकळी जागा आणखी वाढली आणि पाणी होतं तिथंच.

"जोर लाव की," कुणीतरी म्हणालं.

"जोराचं न्हाई हे," खंडू वरून म्हणाला. आवाज पडलेला होता. तालुक्याच्या कुस्त्यांत त्यानं नारळ मिळवलेले होते. "मी कितीबी ओढलं तरी ते ऐकतच न्हाई. मी ओढतोय असं त्याला वाटतच न्हाई."

कस्तुरा पळत बाभळीखाली आली. तिला दम लागला होता. तिनं सांगितलं, वरनं कुणी ओढत नाही. मग पाणी इतकं तरी वर कसं उभं राहिलं? ती बोलता बोलता थांबली आणि विहिरीकडं बघत राहिली, विहिरीच्या उघड्या तोंडाकडं, ज्यातून वरचं सगळं आभाळ पाण्यावर बसलेलं होतं.

"खालनं ढकलतंय," ती म्हणाली. "हवा. विहिरीतल्या पान्यावर हवा बसलीया, ती नळीत पानी ढकलती. आन तिचा जोर तिवढाच हाय. मोटार फकस्त वरची हवा काढती."

"आणि मोटारीला सगळी हवा काढता येत नाही, म्हणून ती तुझ्या नळीच्याही आधी थांबते," ज्ञानदेव म्हणाला. एवढीच एक गोष्ट त्यानं त्या दिवशी सांगितली. मग त्यानं विचारलं, की ती मोकळी जागा दिसते कशी. त्यानंही ती कधी पाहिली नव्हती. कॉलेजात पारा महाग म्हणून प्रयोग फळ्यावरच झाला होता. कस्तुरा खाली बसली. मग तिनं मातीत काडीनं नळी काढली, पाणी काढलं, आणि वरची मोकळी जागा बोटानं पुसून दाखवली. तो वाकून ते चित्र पाहत राहिला.

संध्याकाळी कस्तुरानं बापाला सांगितलं. गेनबानं सगळं ऐकून घेतलं. तो दुपारी रहाटाजवळच उभा होता. लाल रेघ थांबलेली त्यानंही पाहिली होती.

"इतकी वर्सं पानी आलं, ते हवेनं?"

"व्हय आबा."

"मंग ह्या वर्सालाच हवा कमी झाली?"

"हवा तिवढीच हाय. पानी खाली गेलंय."

गेनबानं चिलमीतली राख झटकली आणि शाळेत हेच शिकवत असतील तर उद्यापासून जायचं कारण नाही, असं म्हणाला. त्याला कळलं नव्हतं असं नाही. त्याला पूर्ण कळलं होतं. हवा ढकलत असेल तर दादानं काही केलेलं नव्हतं, आणि दादानं काही केलेलं नव्हतं तर त्या रविवारचं काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या मळ्यातल्या मालोजीकडं गेला. मालोजीकडं पाच घोड्यांची मोटार रिकामी पडून होती, कारण त्याची विहीरच आटली होती. गेनबानं ती गाडीत घालून आणली. सकाळभर पाने घेऊन खिटखिट केली, बोटं सोलून घेतली, गुडघ्यावर बसून पट्ट्या आवळल्या. दुपारी बटण दाबलं. पाच घोड्यांचा आवाज वस्तीपर्यंत गेला. लोक आपापल्या बांधावर उभे राहून बघायला लागले. पाइप खोकला, पाजलेलं पाणी ओकला, आणि पाच घोड्यांचा वारा फुंकू लागला. गेनबानं मोटार लगेच बंद केली नाही. बंद केल्यावर लोकांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. बऱ्याच वेळानं मालोजी स्वतःच आला आणि त्यानं आपलं यंत्र जळेल म्हणून बटण दाबलं.

सगळे गेल्यावर गेनबा टपरीला टेकून बसला. ठकुबाईनं तिथंच भाकरी आणून दिली. शेवटचे दोन वाफे तिनं त्या दिवशी भिजवलेच नव्हते. भिजवण्यासारखं तिथं काही उरलं नव्हतं.

"हवेचं तुमाला पटलंय," ती म्हणाली. "भंडाऱ्याचं पटंना."

गेनबा घास चावत राहिला.

"मोटार खाली घ्या म्हनत्यात पोरं. दगडाचं बांधकाम सरतंय तितं कट्टा हाय, त्यावर बसंल. पान्याच्या जवळ. तितनं वर ढकलायला मोटारीचा जोर पुरतोय. पर लाइट थोरल्यांच्या नावावर, मोटार दोगांची. त्यांच्याबिगर हुनार न्हाई. जावा."

गेनबा त्या दिवशी गेला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेला नाही. दिवसभर रहाट ओढला. संध्याकाळी त्याला खांद्यातून हात वर करता येईना. गुरुवारी मात्र गेला.

कोंडीराम अंगणात बसून कंपनीचे बूट पुसत होता. जाईबाई, कोंडीरामची बायको, जोत्यावर होती; गेनबाला बघून ती आत गेली आणि दाराआड उभी राहिली. गेनबा उभाच राहिला. बस म्हणून कुणी म्हणालं नाही. त्यानं येताना वाटेवर काय बोलायचं ते जुळवलं होतं, ते सगळं गेलं. उरली फक्त हवा. मग त्यानं तेच सांगितलं. विहिरीच्या पाण्यावर हवा बसलेली असते. ती ढकलते. एका हद्दीपर्यंतच ढकलते. सकाळी पाणी हद्दीच्या आत असतं, दुपारी बाहेर जातं. मोटार खाली कट्ट्यावर घ्यायला हवी. तो जमिनीकडं बघून बोलत होता. इतकं सलग तो भावाशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

कोंडीरामनं बुटावरचा हात थांबवला.

"म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "मला पानी येत हुतं, ते मी खरा म्हनून न्हवं?"

गेनबाला आधी कळलं नाही. मग कळलं. ह्या सगळ्या दिवसांत कोंडीराम रोज सकाळी मोटार सुरू करत होता, आणि पाणी उसळून आलं की त्याला वाटत होतं, देवानं साक्ष दिली. सगळ्या गावानं भंडारा उचलायला लावला, पण देव रोज सकाळी येऊन सांगतोय. कंपनीत फोरमननं झापलं, बसला उभं राहून जावं लागलं, तरी तेवढ्या एका गोष्टीवर त्याचा दिवस निघत होता.

"न्हाई दादा," गेनबा म्हणाला. "सकाळी पानी वर असतंय म्हनून."

"तुला कोन म्हनलं?"

"आपली कस्तुरा."

कोंडीरामनं हातातला बूट पुसून पुरा केला. मग दोन्ही बूट त्यानं भिंतीकडेला जुळवून ठेवले.

"मागल्या गुरवारी माजाबी पायप खोकला," तो म्हणाला. "मी कुनाला बोललो न्हाई." आणि दोर घ्यायला आत गेला.

मोटार उतरवायला अख्खी दुपार गेली. कंपनीतल्या सवयीनं कोंडीरामनं आधी वीज तोडली, वायरी मोकळ्या केल्या, मग लाकडी ओंडका आडवा टाकून त्यावरून दोर सोडला. दोन्ही भाऊ दोराला. गेनबाचे खांदे दुखत होते. पाय घसरला तेव्हा दोर सरकला आणि मोटार भिंतीला घासत दोन हात खाली गेली. कोंडीरामनं मनगटाला दोराचा वेढा घेऊन ती धरली. मनगटाची साल निघाली. कट्ट्यावर मोटार बसल्यावर कोंडीराम खाली उतरून बोल्ट आवळत राहिला आणि गेनबा वरून पाना, नट, फडकं एकेक सोडत राहिला. लहानपणचं पोहणं ह्याच भिंतीशी झालेलं होतं, पण ते आठवायला दोघांनाही सवड नव्हती. ज्ञानदेव तेवढ्यात शाळा सुटल्यावर आला, त्याला ठकुबाईनं बाभळीकडं बोट दाखवलं, आणि मग कपबशीतून चहा नेऊन दिला. कपबशी नवी होती. ती पुढं त्याच्यासाठीच वेगळी ठेवली गेली.

पाणी आलं. आधी गढूळ, मग नितळ, पाटातली पालापाचोळ्याची रेघ पुढं ढकलत आलं. ठकुबाई वाफ्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं फावड्यानं माती ओढली आणि पाणी आत घेतलं. ती पहिल्या वाफ्यावरून दुसऱ्याकडं गेली, कारण पाणी थांबत नव्हतं आणि त्याच्या पुढं राहायला हवं होतं. निम्मा कांदा गेलेला होता. निम्मा होता.

ज्ञानदेवनं दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा तोच प्रश्न लिहिला. खंडू उभा राहिला आणि म्हणाला, मोटार खाली बसली म्हणून तिला आता दम लागत नाही. निम्म्या वर्गानं मान डोलावली. ज्ञानदेवनं खडू खाली ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं, आणि खंडूला विचारलं की तू खांबावर चढलास तेव्हा नळीतलं पाणी दमलं होतं का. खंडू विचार करत उभा राहिला. तास संपेपर्यंत तो उभाच होता. ज्ञानदेवनं त्याला बसायला सांगितलं नाही.

गावानं मात्र एव्हाना निकाल लावला होता. भाऊ एक झाले, म्हणून खंडोबा पावला. रविवारी देवळात नारळ फुटला, भंडारा उधळला, आणि ज्यांनी त्या रविवारी पुढं बसून कोंडीरामकडून शपथ घेतली होती, त्यांनीच पुढं बसून देवाचं कौतुक केलं. कोंडीराम उभा होता. कंपनीची सुट्टी गुरुवारची, त्यामुळं रविवारीही शिफ्ट होती. हातात डबा होता. मालोजी म्हणाला, गेनबा, सांग देवानं कसं केलं ते. तूच भंडारा उचलायला लावला होतास, तूच सांग.

इथं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. देवानं केलं म्हटलं असतं तर गेनबाचंही झाकलं गेलं असतं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"पानी हवेनं येतंय," तो म्हणाला. "सकाळी जवळ असतं म्हनून दादाच्या पाळीला यायचं. दुपारी लांब जायचं म्हनून मला येत न्हवतं. दादानं काय बी केलं न्हवतं. मी उगाच त्याला हितं उभा केला."

मग कुणीतरी मागून विचारलं, कशानं? हवेनं? आणि हसू फुटलं. मालोजी हसला, पुजारी हसला, नारळाचे तुकडे वाटणारी पोरं हसली. हवा पाणी चढवते. गेनबा येडा झाला, आणि तेही उन्हाळ्याआधीच. भाऊ चोर आहे म्हणाला तेव्हा ज्यांनी तोंडातून अक्षर न काढता मान डोलावली होती, ते आता डोळे पुसत होते. गेनबा टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कोंडीराम हसला नाही. सडकेवर कंपनीच्या बसनं भोंगा दिला. तो हलला नाही. भोंगा दुसऱ्यांदा वाजला आणि बस गेली तरी तो डबा हातात घेऊन तिथंच, भावाच्या शेजारी उभा होता. हसणारे सगळे दमून गप्प होईपर्यंत तो उभा राहिला. मग त्यानं पायताण घातलं आणि पिंपरीच्या दिशेनं चालायला लागला.